दोन इंच खाली, कायद्याच्या बाहेर

ते रील तुम्ही पाहिलं असणारच. पावसानं ओला झालेला रस्ता, मागे स्लो करून लावलेलं जुनं हिंदी गाणं आणि फ्रेममध्ये सावकाश शिरणारी प्रीमियर पद्मिनी. गाडीचा मागचा भाग इतका खाली बसलेला, की चाकाचा वरचा काठ मडगार्डच्या आत गेलाय. खाली कमेंटमध्ये आगीच्या इमोजींची रांग. त्या रांगेत मध्येच कुणीतरी विचारलेलं असतं, 'भावा, पाटे काढलेस का ब्लॉक टाकलेस?'

हा प्रश्न विचारणारा बहुतेकदा विशीतला असतो. पद्मिनी बनायची थांबली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळवे स्टेटस ठेवले आणि मोकळे झालो. पण टॅक्सी गेली तरी गाडी संपली नव्हती. आजोबांच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेल्या पद्मिनी आता नातवांच्या हातात येतायत. आणि या नातवांना ती शोरूममधून आली तशी करायची नाहीये. त्यांना ती खाली घ्यायचीय.

'शायनिंग मारायला करतात' म्हणून हा विषय झटकून टाकता येतो. बरेच जण टाकतातही. पण एका जुन्या गाडीची मागची बाजू दोन इंच खाली घ्यायला गेलं, की आपला मोटार वाहन कायदा, आपले रस्ते आणि हातानं काम शिकणाऱ्या पोरांकडे बघायची आपली नजर, हे सगळं एकदम समोर येतं. मला ते आलं, कारण मी अशा एका गाडीखाली पाना धरून पडलो होतो.

रविवारचं काम

गाडी मित्राच्या आजोबांची, १९७८ची, कोल्हापूरची. मित्र मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्याचं म्हणणं, मागचं सस्पेन्शन हे पद्मिनीतलं सगळ्यात सोपं काम आहे. वरवर पाहिलं तर खरंही आहे. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग असली तरी मागे जुन्या पद्धतीचे पाटे आहेत. उभ्या टेम्पोच्या खाली वाकून पाहिलंत तर दिसतात तेच: पोलादी पट्ट्यांची चळत, सगळ्यात लांब पट्टी वर आणि खाली एकेक लहान होत गेलेल्या. वरची ती मेन पाटा. तिच्या दोन्ही टोकांना वळवून केलेलं गोल भोक असतं, त्यात रबरी बुश बसतो आणि तिथंच पाटा गाडीच्या अंगाला जोडला जातो. मधोमध यू-बोल्टनी ॲक्सल बांधलेला.

गाडी मागून खाली घ्यायचे घरगुती मार्ग तीन. खालचे एक-दोन पाटे काढून टाकायचे. नाहीतर पाटेवाल्याकडे देऊन पाट्याचा बाक कमी करून घ्यायचा, म्हणजे कमान उतरवायची. किंवा ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक घालायचा. हा तिसरा मार्ग पाटा ॲक्सलच्या खालून जात असेल तरच चालतो. वरून जात असेल तर तोच ब्लॉक गाडी उलट उचलतो. परदेशी व्हिडिओ बघून ब्लॉक मागवायचा आणि दुपारभर खपून गाडी दोन इंच उंच करून ठेवायची, ही फजिती होऊ शकते. आधी खाली वाकून बघणं फुकट आहे.

आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण तो बिनखर्चाचा. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून गाडी उचलली आणि अंगाखाली दोन घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, हा नियम मित्राच्या आईनं घातला होता आणि त्या दिवशी आम्ही पाळलेला तो एकमेव शहाणपणाचा नियम. शॉकॲब्सॉर्बर खालून सोडवला, यू-बोल्ट काढले, पाटे बाहेर आले. पाट्यांचा मधला सेंटर बोल्ट सोडण्याआधी ते शिकंज्यात घट्ट आवळावे लागतात, कारण एकमेकांवर दाबून बसवलेले पाटे बोल्ट सुटला की फटकन उघडतात. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री बघायला आले होते, त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. ते चाचा जाता जाता एवढंच म्हणाले, "पोरांनो, काढताय ते काढा. पण मागचं चाक जाग्यावर कशानं राहतं, ते आधी बघा."

आम्ही ते फार मनावर घेतलं नाही. संध्याकाळी गाडी खाली उतरवली, मागून बरोबर दोन इंच बसली होती, आणि काय दिसत होती म्हणून सांगू! फोटो काढण्यात पुढचा एक तास गेला.

चाचा काय म्हणत होते

पाटा ही नुसती स्प्रिंग नसते. आपण सगळे इथंच चुकतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वजन पेलायचं काम स्प्रिंगचं आणि ॲक्सल जागेवर धरायचं काम वेगळ्या दांड्यांचं. पाट्याच्या गाडीत ही दोन्ही कामं पाटाच करतो. इंजिनची ताकद चाकाला मिळते तेव्हा ॲक्सल स्वतःभोवती पिळवटू पाहतो, ब्रेक मारला की उलट दिशेनं पिळवटतो. तो पीळ पाटा सोसतो. त्यामुळे तुम्ही पाटे कमी केलेत की गाडी खाली बसते, मऊ होते, आणि उरलेल्या पाट्यांवर, विशेषतः मेन पाट्यावर, दुप्पट अन्याय होतो.

बाकीच्या गोष्टी त्यातूनच. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरली. ती संपली की ॲक्सल रबरी बंपरवर आदळतो. आमच्या गाडीत तो प्रत्येक खड्ड्यात आदळायला लागला, म्हणून मित्रानं ते रबर अर्धं कापलं. हा दुसरा मूर्खपणा. आवाज बंद झाला, पण पाट्याला शेवटी अडवणारं कुणी उरलं नाही. शॉकॲब्सॉर्बर मूळ लांबीचाच होता, तो आता अर्धा दाबलेल्या अवस्थेत काम करत होता. ब्रेकच्या रबरी पाइपाकडे तर कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि हेडलाइट! हे गणित मी नंतर कागदावर केलं. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २३४० मिलिमीटर. मागून ५० मिलिमीटर खाली बसलं तर नाक तेवढ्या प्रमाणात वर होतं, म्हणजे दर १० मीटरला उजेड सुमारे २१ सेंटीमीटर वर चढतो. रस्त्याकडे झुकायला हवा तो डिपरचा झोत समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत. गाडी खाली घेतल्याचा सगळ्यात जास्त धोका आत बसलेल्याला असतो असं आपल्याला वाटतं. पण त्या बाइकवाल्यानं तर रीलसुद्धा पाहिलेलं नसतं.

महिनाभरानं आम्ही पाचजण आंबोलीला निघालो. आजरा मागे टाकल्यावर एका गतिरोधकावर मागून 'खट्' असा आवाज आला आणि गाडी तिरकी चालायला लागली. उजवीकडचा मेन पाटा बुशाजवळ तुटला होता. ॲक्सल त्या बाजूनं मागे सरकला होता आणि टायर मडगार्डच्या काठावर घासत होता. वेग तीसचा होता, समोर कुणी नव्हतं, सरळ रस्ता होता. घाट अजून पुढे होता. त्या संध्याकाळी टोइंगच्या गाडीत बसून येताना कुणीच काही बोललं नाही.

गतिरोधकांबद्दल एक सांगायलाच हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटीमीटर उंच हवा. ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून सहज जावी असा त्याचा हिशेब आहे. आता तुमच्या कॉलेजच्या गेटसमोरचा गतिरोधक आठवा. गल्लीतल्या कुणीतरी रात्रीत डांबर ओतून केलेला उंचवटा! रस्त्यात केलेला बदल कुणी तपासत नाही, गाडीत केलेला बदलही कुणी तपासत नाही, आणि दोन्ही एकमेकांना भेटतात ते ॲक्सलखाली. आमचा पाटा आमच्या चुकीनं तुटला, ते गतिरोधकावर ढकलत नाही. पण मूळ उंचीच्या गाड्यांनाही असे उंचवटे खालून घासतात, हे तुम्ही रोज ऐकता.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

तुटलेला पाटा घेऊन घरी आल्यावर पहिल्यांदा कायदा वाचला. हे क्रमानं उलटं झालं, मान्य आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की बनवणाऱ्या कंपनीनं मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. केरळ उच्च न्यायालयानं बदलांना थोडी मोकळीक दिली होती, ती रद्द झाली. राज्याचे नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, असं न्यायालयानं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ए नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरून बसवलेले पार्टही आले, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. मागचे दोन पाटे काढले हा एक बदल की दोन? रबर कापलं तो तिसरा?

कायद्यात 'बदल' म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेत केलेला असा फेरफार, ज्यानं तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. मग दोन इंच उंची हे मूलभूत वैशिष्ट्य आहे का? आरसी बुक काढून बघा. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे, इंधन आहे. जमिनीपासूनची उंची नाही. म्हणजे तपासणारा अधिकारी तुमची गाडी ज्या कागदाशी ताडून बघणार, त्या कागदात ही गोष्टच नाही. उरतो त्याचा अंदाज आणि तुमचं नशीब. सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवतात ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय, कारण सायलेन्सर ऐकू येतो. पाटा ऐकू येत नाही. तुटेपर्यंत.

आणि गंमत बघा. मालवाहू टेम्पोला जादा पाटा टाकून घेणं आपल्याकडे रोजचं आहे. कमान-पाटा वर्क्सच्या पाट्या हायवेला ठिकठिकाणी दिसतात आणि तिथं वजन जास्त घेता यावं म्हणूनच हे काम चालतं. कायद्याच्या नजरेत एक पाटा वाढवणं आणि एक पाटा काढणं यात फार फरक नसावा. पण एकाला 'धंदा' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मॉडिफिकेशन'. ओव्हरलोड टेम्पोचं रील कुणी काढत नाही, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

मला खरा त्रास वेगळ्या गोष्टीचा होतो. हाच कायदा काही बदलांना रीतसर वाट देतो. सीएनजी किट बसवता येतं, इंजिन बदलता येतं, रंग बदलता येतो, दिव्यांग चालकासाठी गाडी जुळवून घेता येते. आरटीओत अर्ज, तपासणी, आरसीवर नोंद. जुन्या गाडीचं पेट्रोल इंजिन उचलून बाहेर टाकून तिथं बॅटरी आणि मोटार बसवायलासुद्धा मान्यताप्राप्त किट आणि ठरलेली पद्धत आहे. म्हणजे गाडीचं काळीज बदलायला कायदेशीर दार आहे, पण दोन इंच खाली घ्यायला खिडकीही नाही. दार नसेल तर माणूस भिंतीवरून उडी मारतो. ती उडी रविवारी अंगणात मारली जाते, यूट्यूब बघून, आणि झालेलं काम नजरेखालून घालायला कुणीच नसतं. बिघडलं तर विमा कंपनीला सांगायची चोरी, कारण तिचा पहिलाच प्रश्न 'बदल कळवला होता का' हा असणार.

कॅलिफोर्नियात काय झालं

गाडी मागून खाली घ्यायचा नाद आपला नाही, आणि इन्स्टाग्रामचाही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची पोरं जुन्या शेव्हरले घ्यायची, डिकीत वाळूची पोती टाकायची आणि मागून जमिनीला टेकलेली गाडी मुद्दाम हळू चालवायची. गोऱ्यांची पोरं तेव्हा वेगाच्या मागे होती, यांनी संथपणा उचलला. यालाच पुढे लोरायडर म्हणू लागले. सरकारला हे खुपलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वाहन कायद्यात कलम आलं: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या काठापेक्षा खाली असता कामा नये.

हा कायदा कुणाला उद्देशून होता ते सगळ्यांना माहीत होतं. तरीही त्याच्यात एक गुण होता. तो मोजता येत होता. रिमचा खालचा काठ दिसतो, पट्टी लावता येते. म्हणून त्याला उत्तरही शोधता आलं. १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटमध्ये विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की पुन्हा खाली. आज त्या नाचणाऱ्या गाड्या हिपहॉपच्या व्हिडिओंत दिसतात, त्याचं मूळ एका वाहतूक नियमात आहे!

पुढचा भाग ताजा आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानं नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून ते जुनं कलमही गेलं आणि गाड्या संथपणे फिरवण्यावर शहरांनी घातलेली बंदीही गेली. त्यासाठी लोरायडर क्लबांनी वर्षानुवर्षं सभागृहांत जाऊन बोलणं केलं, गाड्यांच्या रांगा काढल्या, आपण कोण आहोत ते सांगितलं. आपल्याकडे मॉडिफिकेशनवाल्या पोरांची पेज आहेत, मीटअप आहेत, स्टिकर आहेत. नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा मात्र कुणी ईमेल पाठवल्याचं ऐकिवात नाही.

जर्मनीचा रस्ता आणखी निराळा. तिथं स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली, तर तिच्या कागदांसह टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेत न्यायची. तिथला इंजिनिअर खालून बघतो, चाक कुठं घासतं का बघतो, दिवे बघतो, आणि ठीक असेल तर कागदावर नोंद करतो. तीस वर्षांपेक्षा जुन्या, चांगल्या ठेवलेल्या गाडीला १९९७ पासून नंबरपुढे 'एच' मिळतो. त्यात गाडी अगदी मुळाबरहुकूमच हवी असा हट्ट नाही. त्या काळात लोक जे बदल करत होते, ते चालतात. तिथली शिस्त आपल्याला जमणार नाही असं लगेच म्हणू नका. सीएनजी किटच्या बाबतीत आपण तेच करतोय.

पन्नाशीची गाडी

आपल्याकडेही 'व्हिंटेज'चे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची.

पद्मिनी हे नाव १९७४च्या सुमाराला आलं, म्हणजे पहिल्या पद्मिनी नुकत्याच पन्नाशी ओलांडून या रांगेत शिरल्यात. बाकी सगळ्या पन्नाशीच्या आत, मधल्या पट्ट्यात. आपल्यासाठी 'क्लासिक', कायद्यासाठी नुसती जुनी गाडी. आणि जुनी गाडी सरकारला नकोशी आहे. ऑगस्ट २०२५ च्या नियमांनी वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली. धूर ओकणारी गाडी स्क्रॅप व्हावी याबद्दल माझं भांडण नाही. पण एकाच फीमध्ये बेवारस पडलेली गाडी आणि पोरानं पॉकेटमनी घालून जपलेली गाडी एकाच मापानं मोजली जाते. मधल्या वयाच्या गाडीला सन्मान नाही, बदलाची सोय नाही, फक्त फी आहे.

दुसरीकडे आपल्याच कॉलेजांमधून दरवर्षी पोरं बाहा एसएई इंडियासाठी गाडी बनवतात. सस्पेन्शन स्वतः डिझाइन करतात, वेल्डिंग करतात, रात्रभर जागतात. स्पर्धेत आधी तांत्रिक तपासणी असते. परीक्षक पाना घेऊन बोल्ट हलवून बघतात, शंका आली तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. माझा मित्र त्या टीममध्ये होता. तिथं कुणीतरी बघणार आहे हे माहीत असल्यामुळे त्यानं प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावला. आणि अंगणात? 'घट्ट झालं रे' म्हणून सोडून दिलं. पोरगा तोच, हात तेच. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासून उभी आहे, गाडीचा प्रत्येक भाग मोडून-तोडून तपासायची यंत्रणा तिच्याकडे आहे. एक मान्यताप्राप्त लोअरिंग किट, किती इंचांपर्यंत चालेल त्याची मर्यादा, सोबत शॉकॲब्सॉर्बर कुठला, हेडलाइट पुन्हा जुळवल्याचा दाखला आणि आरसीवर एक ओळ. यात अशक्य काय आहे? मर्यादा कडक ठेवा, हवं तर. दोन इंच नको, एकच द्या. पण मोजता येईल असं काहीतरी द्या.

'असं दार उघडलं तर सगळे गाड्या जमिनीला टेकवतील,' ही भीती मला खोटी वाटत नाही. ज्याला फक्त रील काढायचंय तो तपासणीला जाणारच नाही. पण आज त्याच्यात आणि नीट काम करू पाहणाऱ्यात कायदा काहीच फरक करत नाही, त्यामुळे नीट काम करण्याचं कारणच उरत नाही.

मित्राची गाडी चार महिने घोड्यांवर उभी होती. मग तो उद्यमनगरातल्या एका पाटेवाल्याकडे गेला आणि पूर्ण संच नवा करून घेतला, एकही पाटा कमी न करता, फक्त कमान थोडी उतरवून. गाडी आता एकच इंच खाली आहे. यू-बोल्ट नवे, बंपरचं रबर नवं, ब्रेकचा पाइप नवा. बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून राहतं, हे त्याला चाचांनी सांगितलं. या वेळी तो वही घेऊन बसला होता. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. एका रात्री शाळेच्या भिंतीवर झोत पाडून, खडूनं रेघ मारून, हेडलाइट खाली घेतले.

कायद्यानं बघितलं तर हीसुद्धा बदल केलेलीच गाडी. दोन वेळा पोलिसांनी थांबवलं, दोन्ही वेळा त्यांनी बाजूला उभं राहून सेल्फी काढला. २०२८ मध्ये ती पन्नास वर्षांची होईल, तेव्हा 'व्हीए'साठी अर्ज करायचा का रोज चालवत राहायचं, हे त्याचं अजून ठरत नाहीये. तुटलेला मेन पाटा सोडून मूळचे सगळे पाटे त्यानं ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. आरटीओतल्या साहेबांनी उद्या 'मूळ स्वरूप' म्हटलं, तर हाताशी असावेत म्हणून. मेन पाटा मात्र कुठं मिळतोय का ते तो अजून शोधतोय.